दोन ओळींमधली जागा

३ फेब्रुवारी
कॉम्प्रेसर आला! दुरुस्तीवाल्याने पंधरा दिवसांसाठी उसना दिलाय. उचलताना कंबर गेली. चार नॉब, एक काटा, बस्स. मोठ्या आवाजाला दाबायचं, म्हणजे बारीक आवाज वर येतात – काम एवढंच. "जपून वापरू नकोस," तो म्हणाला, "पार पिळून काढ."

ताईच्या दहाव्या गाण्यासाठी आणलाय; ती गाते, मी रेकॉर्ड करते. नऊ झाली. दहावं ऐकून ताईसाहेब म्हणाल्या, "छान आहे गं, पण त्यात कुणी राहत नाही असं वाटतं." आता राहायला कुणाला आणू?

५ फेब्रुवारी
पहिला नॉब थोडा फिरवला – ताईचा आवाज जवळ आला. आणखी फिरवला – थेट छातीतून आला. वा! ताईला ऐकवलं. तीही वा!

६ फेब्रुवारी
यंत्र जोडलेलंच नव्हतं. दिवा लागलेला, पण मागचं बटण बंद, त्यामुळे आवाज आत न शिरता बाजूने सरळ जात होता. दोन दिवस रिकामे नॉब फिरवून मी वा वा करत होते. वीस वर्षं या धंद्यात! मग मी ऐकत काय होते? आणि ताईने तरी काय ऐकलं?

७ फेब्रुवारी
ताईने बाबांचा विषय पुन्हा काढला. अर्धांगाच्या झटक्याला अकरा महिने झाले, तोंडातून एक शब्द नाही. स्पीच थेरपीच्या बाईंनी हात टेकलेत. ताई म्हणते, महिनाअखेर त्यांना रुग्ण सांभाळणाऱ्या त्या संस्थेत ठेवू, तिथे चोवीस तास माणसं असतात. "आपण समोर बसून बडबडतो, ते भिंतीकडे बघतात. आत बाबा आहेत की नाहीत तेच कळत नाही गं मला."

मला तरी कुठे कळतं! हो म्हणवत नाही, आणि नाही म्हणायला माझ्याकडे काही नाही. त्यांना एकटं सोडता येत नाही म्हणून ताई गाते तेव्हा तिच्या मागे खुर्चीत बसवते. खोकणं नाही, हलणं नाही. "रेकॉर्डिंगला इतका गुणी माणूस मिळायचा नाही," मी म्हटलं. दोघी हसलो. मग फार वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी
आज बटण चालू. तीनदा बघितलं. काटा पार आडवा पाडला. ताईचा आवाज चेपला गेला आणि श्वास वर आले, अगदी कानाशी! एरवी दोन ओळींमधली जागा मी कापून टाकते – श्वास, कपड्यांची सळसळ, खुर्चीची कुरकुर. प्रत्येक गाण्यात. हात आपोआप चालतो. या वेळी मुद्दाम ठेवली.

गाण्यात कुणीतरी राहायला आलं खरं. पण श्वासाच्या खाली आणखी काहीतरी आहे. गुणगुण?

१० फेब्रुवारी
पंखा बंद होता. नळ नाही. वायर बदलली, तरी आहेच. दुरुस्तीवाल्याला फोन केला. "जुनं यंत्र आहे, गुणगुणणारच!" पण ते ताईच्या सुरात कसं गुणगुणेल? त्यावर तो म्हणाला, "तू दोन दिवस सुट्टी घे."

बरोबरच आहे त्याचं. बंद यंत्रावर डोलणारे कान माझे.

११ फेब्रुवारी
ऐकायचंच नाही ठरवलं. चारदा ऐकलं.

१२ फेब्रुवारी
आणखी पिळलं. गुणगुणीत शब्द आहेत! ताईच्या ओळीतला शेवटचा शब्द, जरासा उशिरा. पुरुषाचा आवाज, घोगरा.

ताईला बोलावलं. काही न सांगता हेडफोन दिले. ती एकदम पांढरी पडली. "बाबा आहेत हे."

गाताना तिच्या कानात वाद्यं मोठ्याने वाजत असतात. मी काचेच्या अलीकडे. कुणाला ऐकू येणार?

दोघी धावत त्यांच्याकडे. "बाबा, म्हणा ना! एकदाच." ते भिंतीकडे बघत राहिले. ताई रडायला लागली. मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही. थेरपीच्या बाई फोनवर म्हणाल्या, बोलता न येणाऱ्यांना कधीकधी गाता येतं. मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, सांगितलं होतं. असेलही.

ताई जाताना दारात थांबली. "एका गाण्यावरून काय ठरवायचं? एखादे वेळी निघालं असेल तोंडातून." खरंच एकदाच निघालं असेल तर?

१४ फेब्रुवारी
जुनी नऊ गाणी उघडली. कापलेले तुकडे पुसले जात नाहीत, बाजूला पडून असतात. एकेक यंत्रातून काढला. पहिल्या दोन गाण्यांत काही नाही. तिसऱ्यात नुसता सूर. पाचव्यात शब्द. आठव्यात अख्खी ओळ. नवव्यात, ताई गायला लागायच्या आधी, त्याच घोगऱ्या आवाजात माझं घरातलं नाव. थोडं थांबून, पुन्हा एकदा. दोन्ही वेळा मी कापलंय.