मधल्या गल्लीतील कागद-शाईचे दुकान कोणाला द्यावे

मी, तोकुमोरी इवाओ, वय वर्षे शहाऐंशी, राहणार ओकिझाकी बंदर, मधली गल्ली, धंदा वह्या, कुंचले व शाई विकणे (दुकान बंद), पूर्ण शुद्धीवर असून, कोणी हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो समोरच्या मिझोबे सोया सॉसवाल्याला जरूर दाखवावा. नोटरीसाहेब शुक्रवारी घरी येतील. मसुदा तुमच्या भाषेत लिहा, कायद्याची भाषा मी करीन, पण कविता घालू नका, असे त्यांनी फोनवर बजावले आहे. प्रयत्न करतो.

पहिले. पोस्टातील बचतीतून प्रथम माझे अंत्यविधी करावेत. उरेल ते माझा एकुलता मुलगा कोहेई, मुक्काम ओसाका, याला द्यावे. विधीत भाषण कोणी करू नये. या गल्लीतील भाषणे बहुतेक मीच केली आहेत आणि त्यांनी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसरे. दुकानातील शिल्लक माल. यात तिसरीच्या आखीव वह्यांचे सहा खोके असून, प्रत्येक वहीवर ओकिझाकी प्राथमिक शाळेचे नाव छापलेले आहे. शाळा बंद होऊन चौदा वर्षे झाली, त्यामुळे या वह्या कोणाच्याही कामाच्या नाहीत. त्यातील एक माझ्यासोबत जाळावी. शाळा दुकानाच्या मागच्याच अंगाला होती. सकाळी दहाच्या सुमारास तिसरीच्या मुलांचा कवितेचा तास असे आणि चाळीस कोवळे गळे एका सुरात म्हणू लागले की मी गिऱ्हाइकाला बोट दाखवून थांबवीत असे. आमच्या जुन्या गुरुजींनीच रचलेली एक कविता होती, ‘बंदरावर बर्फ पडे, दीप कुणी लाविला.’ शेवटच्या वर्षी ती म्हणायला दोन मुली होत्या. त्यांतली एक चोरून जांभई देत होती. नोटरीसाहेब, ही कविता नव्हे, ही मालाची नोंद आहे.

तिसरे. माडीवर हसऱ्या माळ्याच्या सोंगाचा एक मोठा पोशाख आहे. गावाचा उत्कर्ष कसा करावा हे सांगायला तोक्योहून जे सल्लागार आले होते, त्यांनी सुचवलेले ते गावाचे बोधचिन्ह. ते तीन दिवस राहिले, तिन्ही दिवस भरपूर जेवले, आणि बागेचा पत्ता नसलेल्या बंदरात हसरा माळी घेऊन नाचा असे सांगून गेले. तो पोशाख मी दोन जत्रांत स्वतः घातला आहे. जाळावा. खूप धूर होईल, वाऱ्याची दिशा पाहून जाळावा.

चौथे. दिवंगत पत्नी हारुए हिच्या नावाची पाटी पितरांच्या ज्या देव्हाऱ्यात आहे तो देव्हारा टेकडीवरच्या देवळात पोचवावा. तो दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. हलवायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो. मला हे नेमके ठाऊक आहे, कारण दुसऱ्यांचे देव्हारे मी हलवून दिले आहेत.

पाचवे. दुकान. मधल्या गल्लीतील कागद-शाईचे दुकान, वरची माडी, मागची खोली व खालची जमीन, हे सर्व मी श्रीमती उराबे चिझुरु, पाव भाजणाऱ्या, यांना देतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. का देतो, ते लिहिणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी या गल्लीत तेवीस दुकाने होती आणि त्यांतली अठरा बंद होती. विकायला कोणी तयार नव्हते, भाड्यानेही देत नव्हते. विचारले की एकच उत्तर, “आत देव्हारा आहे हो. ऑगस्टमध्ये पितर येतात, पोरं येतात. परकं माणूस आत कसं ठेवायचं?” पितर येत असतील. पोरे दोन रात्री राहून तिसऱ्या सकाळी निघून जात. तेव्हा आम्ही एकतीस घरांनी मिळून गावाची कंपनी काढली, ज्याला जमतील तेवढे पैसे घातले, आणि मला अध्यक्ष केले. पाच दुकानांची छपरे दुरुस्त करायची, ती बाहेरच्या तरुण मंडळींना चालवायला द्यायची, असे ठरले. मी घरोघर गेलो. मला बोलता येते. “पितरांना आवाज आवडतो, कुलूप नाही,” असे मी म्हणायचो. चार घरांनी देव्हारे मागच्या खोलीत हलवले. सर्वांत आधी कुवाता ओतोमीबाईंनी. त्या विधवा, माशाच्या वड्यांचे दुकान. ते पुढे एक कॉफीवाला तरुण चालवणार होता. त्यांनी वड्यांचे यंत्र विकले, दर्शनी भिंत पाडून घेतली आणि मला म्हणाल्या, “अध्यक्ष म्हणतात म्हणजे होणार. मी कॉफी पिऊन पाहिलेली नाही. पुढच्या खोलीतच मिळेल आता.”

पाचवे दुकान माझे. ते चिझुरु यांना द्यायचे ठरले होते. ठरल्या सकाळी त्या भट्टी घेऊन ट्रकने आल्या. सगळी गल्ली बाहेर उभी होती. मी किल्ली हातात घेऊन दारात उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघाले, “आज नको.”

“मग कधी, आजोबा?” त्या हसतच होत्या. त्यांना थट्टा वाटली.

“कोहेई निवृत्त झाला की बघू. तो आला तर बसेल कुठे?”

कोहेई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याने कधीही येतो म्हटले नव्हते. नाही असेही म्हटले नव्हते, आणि तेवढ्यावर मी वीस वर्षे काढली होती. दुकान दिले असते तर तो येणार नाही हे मीच सही करून मान्य केल्यासारखे झाले असते. समोरून मिझोबे ओरडला, “वा अध्यक्षसाहेब! आम्हाला मेलेले बापजादे हलवायला लावलेत, आणि तुम्हाला जिवंत पोरगा हलवता येईना?”

ट्रक परत गेला. आठवड्याभरात तीन देव्हारे पुन्हा पुढे आले. अध्यक्षच देत नाहीत तर आम्ही का, असे कोणी मोठ्याने म्हटले नाही. म्हणायची गरज नव्हती. कॉफीवाला तरुणही आला नाही. चिझुरु यांनी दोन स्टेशने पलीकडे भट्टी लावली. तिथे आता त्यांच्या आजूबाजूला चार दुकाने उघडली आहेत असे ऐकतो. मी रेल्वेने त्या स्टेशनावरून जातो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसतो.

ओतोमीबाईंच्या पाडलेल्या भिंतीच्या जागी ताडपत्री राहिली. त्या मागच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी झोपत. मी दोनदा सुतार पाठवतो म्हणालो. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. दूधवाल्याला तिसऱ्या दिवशी कळले. अध्यक्ष म्हणून भाषण मीच केले, त्यात बर्फावरची एक कविताही म्हटली. सर्वांनी वाकून नमस्कार केला आणि घरी गेले.

सहावे. ओतोमीबाईंच्या थडग्याची साफसफाई वर्षातून दोनदा व्हावी. ते काम मी करीत आलो आहे, गुडघ्यांमुळे गेल्या वर्षापासून जमत नाही. मिझोबे करील. तो कुरकुर करील, पण करील.

मंगळवारी येथवर लिहिले.

दुरुस्ती, शुक्रवार. नोटरीसाहेब आले. चिझुरु यांना मी पत्र लिहून बोलावले होते, त्याही आल्या. केस थोडे पांढरे झाले आहेत. मिझोबे साक्षीदार म्हणून आला होता. दुसरा साक्षीदार, नोटरीसाहेबांचा कारकून, तापाने पडला. पाचवे कलम वाचून झाल्यावर चिझुरु यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“आजोबा, मला नको.”

“राग आहे ना?”

“आहे की. पण म्हणून नाही म्हणत नाही. इथे पाव घेणार कोण? तुम्ही आणि मिझोबेकाका. आणि काकांना दात नाहीत.”

“मऊ केलास तर खाईन,” मिझोबे म्हणाला.

नोटरीसाहेब घड्याळ पाहून म्हणाले की दुसरा साक्षीदार नसल्याने आज सही होणार नाही, पुढच्या महिन्यात पाहू. मी म्हणालो, “माझा पुढच्या महिन्याचा भरवसा नाही.”

तेव्हा त्या म्हणाल्या, “मी चालेन का?”

“नाही,” नोटरीसाहेब म्हणाले. “ज्याला या कागदाने काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही.”

“मग माझं नाव काढा,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “मला काही मिळत नसेल तर चालेन ना?”

सबब पाचवे कलम, देणगीपुरते, रद्द करतो. त्यातील हकिगत खोडू नये.

त्याऐवजी. तिथल्या तिथे कोहेईला फोन लावला आणि दुकानाचे काय करू विचारले. तो म्हणाला, “बाबा, पाडून टाका ना. गाडी लावायला जागा तरी होईल.” कोणाची गाडी, असे मी विचारले. तो म्हणाला, “माझी. आलो तर.” कधी येणार ते मी विचारले नाही. माझ्या मागे दुकान पाडावे. पहिल्या कलमातील उरलेली बचत त्यातच संपेल. मोकळी जमीन कोहेईची.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, ते माझेच आहे.

ओकिझाकी, १७ नोव्हेंबर २०२३

तोकुमोरी इवाओ (सही व शिक्का)

साक्षीदार १: मिझोबे गेन्झो, सोया सॉसचा धंदा, मधली गल्ली, ओकिझाकी

साक्षीदार २: उराबे चिझुरु, पावाची भट्टी. या कागदान्वये हिला काहीही मिळत नाही.