तळ्याची वाटणी

बेडसे, ११ मार्च २०२४

चि. प्रतीक्षास, सरूआजीचे अ. आ. व जयभीम.

फोनवर तू बोलतेस नि मला नुसता वारा ऐकू येतो, म्हणून जानूला लिहायला बसवलंय. हा तुझा काका माझं बोलणं शुद्ध करतो. दोनदा दटावलं, सांगते तसंच लिव.

मूल गेल्यापासून तू अंगणात उतरत नव्हतीस. आता रोज सकाळी बागेतल्या तळ्याकाठी बसून बेडकीची अंडी बघतेस, असं सुरज सांगत होता. बरं वाटलं. त्या नवऱ्याकडं बघत न्हाईस, बेडकांकडं तरी बघ.

पण डास होतात, तळं बुजवा, असं सोसायटीवाले म्हणतात त्याचा घोर लागलाय. आरोग्य केंद्राची बाई आमच्या हौदात गप्पी मासे सोडते, ते डासांची पिल्लं खातात. मला वाटलं गप्पा मारणारे असतील, तसले पारावर लय हाईत. सुरजच्या हाती डबाभर धाडलेत. लगेच सोड.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सरूआजी

तळेगाव दाभाडे, १९ मार्च

ती. सरूआजीस, सप्रेम जयभीम.

मासे सोडले. सेक्रेटरी बघून गेले, तळं राहू द्या म्हणाले. तू जिंकलीस.

अंडी फुटून मोहरीएवढी, शेपटीवाली पिल्लं निघाली होती. परवा बघते तर शेवाळाच्या कडेला थोडीशीच उरलेली, आणि एका गप्पीच्या तोंडात शेपटी. ते डासांवर थांबत नाहीत, आजी.

सुरज म्हणाला, बेडकी पुन्हा अंडी घालेल. दवाखान्यात मलाही हेच सांगितलं होतं, पुन्हा होईल. मी आत जाऊन पडले. तुझ्यावर राग नाही. तळ्याकडे मात्र जाववत नाही.

काकांना नमस्कार. तब्येतीला जप आणि आठवण ठेव.

तुझी प्रतीक्षा

बेडसे, २२ मार्च

चि. प्रतीक्षास अ. आ.

जानूनं तुझं पत्र गाळून वाचलं. मला ऐकू कमी येतं, पण थांबलेले ओठ दिसतात. सगळं वाचून घेतलं.

न विचारता मासे धाडले, चुकलं माझं. भेटले असते तर पुन्हा होईल असं मीही म्हणाले असते. होईल किंवा न्हाई होणार. झालं तरी ते दुसरं. जे गेलं ते तुझं पहिलंच राहील, त्याची जागा कुणाला द्यायची न्हाई. हे जानूला शुद्ध करू दिलेलं न्हाई.

उरलेली पिल्लं तळ्याच्याच पाण्यासकट घमेल्यात काढ, सावलीत ठेव. नळाचं पाणी घालू नकोस, त्यात औषध असतं. रविवारी आम्ही येतोय. जुनी मच्छरदाणी आणते. भावाभावांत करतात तशी तळ्याची वाटणी करू, एका अंगाला मासे, एका अंगाला पिल्लं. सेक्रेटरी खूश, बेडकीही खूश.

सुरज रविवारीही कामावर, जानूची कंबर धरलेली, माझे गुडघे तर तुला ठाऊकच. जाळी लावायला पाण्यात तुलाच उतरावं लागेल. मी काठावर बसून चुका काढीन.

पोचेपर्यंत लोभ सांभाळून ठेव.

तुझी सरूआजी