डाव्या हाताची रेघ

९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातला नमस्कार घाईचा आहे आणि विनंती मोठी, म्हणून विनंतीच आधी वाच. बाबांना काय झालंय ते मला खरं सांग.

परवा त्यांचं पत्र आलं. वाक्यं त्यांचीच, अक्षराची वळणं त्यांचीच, माझ्या हडकुळेपणावरून मारलेले टोमणेही त्यांचेच. पण ते पत्र तू लिहिलं आहेस. बाबा चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतायत. पाटी असो की पत्र, ते आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. या पत्रात अक्षरं आधी आलीत आणि रेघ मागाहून. काने रेघेच्या वर डोकावतायत आणि रेघेची शाई त्यांच्या डोक्यावरून फिरलीय. पाटीवर तू त्यांच्यासारखंच करतोस, पण कागद पुढे आला की तुझी शाळेतली सवय काही सुटत नाही.

शिवाय खाली आईची ओळ नाही. मी जेवते की नाही हे विचारल्याशिवाय तिनं आजवर एकही पाकीट बंद होऊ दिलेलं नाही. मी दोनदा शेजारच्या काकूंकडे फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी सगळं छान आहे म्हणून सांगितलं, इथल्या हवेची चौकशी केली आणि फोन ठेवला. एरवी त्या अर्धा तास सोडत नाहीत.

इथल्या पाचही गॅलऱ्या बघून झाल्या. कॉलेजच्या दीड महिन्याच्या सहलीतले उरलेले दिवस एकाच चित्राची नक्कल करायची आहे. माझ्या वाट्याला खिडकीशी बसून फाटकं पोतं शिवणारी बाई आलीय. बाबांना मापं लागतात म्हणून लिहिते, पाच विती रुंद आणि चार विती उंच. नक्कल पुरी न करता जो घरी जाईल त्याचं वर्ष गेलं, असं सरांनी बजावलंय. मी त्या बाईचा हात रोज काढते आणि रोज पुसते. स्टुलावर बसणाऱ्या पहारेकऱ्यानं काल विचारलं की या बाईनं माझं काय वाकडं केलंय.

उलट टपाली लिही. लोभ आहेच, पण खरं लिहिलंस तरच तो टिकेल.

तुझी,
काडी


१३ फेब्रुवारी

चि. काडीस अनेक आशीर्वाद आणि थोडी कानउघाडणी.

तुला चित्रं बघायला पाठवलंय की शाई हुंगायला? बरं, पकडला गेलो. पत्र मीच लिहिलं. शिडीवरून उतरताना बाबांचं मनगट मुरगळलं, पट्टा बांधलाय, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तू घाबरशील म्हणून अक्षर त्यांचं काढलं. एवढ्याशा गोष्टीचा तू डोंगर केलास. आईच्या ओळीचं म्हणशील तर ती त्या दिवशी कामात होती.

एक मात्र कर, पत्रं मोठी लिही. दर पत्रात एक चित्र, असं तुमचं बापलेकीचं ठरलंय ना? तुझं मागचं पत्र मी त्यांना चार वेळा वाचून दाखवलं. त्या बाईच्या अंगावर उजेड कुठून येतो, भिंतीचा रंग कसा, पोत्याचे धागे दिसतात का, सगळं लिही. काही राहू देऊ नकोस.

आणि परत यायचं मनातसुद्धा आणू नकोस. बाबांना ते अजिबात चालणार नाही.

दादाचा आशीर्वाद. राग धरू नये.


१७ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

आधी चित्र, कारण ते बाबांचं आहे. उजेड डावीकडून येतो आणि बाईच्या मांडीवर थांबतो. भिंत राखाडी, पण नीट बघितलं तर तिच्यात हिरवा आहे. आणि गंमत अशी की चित्रकारानं सुई काढलेलीच नाही. दहा पावलांवरून ती स्पष्ट चमकते, जवळ गेलं की नुसती दोन बोटांची चिमूट उरते. बाबांना हे नक्की सांग. रस्त्यापलीकडून वाचता येत नाही ती पाटीच नव्हे, असं ते म्हणतात, त्यांना हा माणूस आवडेल.

आता तुझ्याबद्दल. मुरगळलेल्या मनगटासाठी कोणी चार वेळा पत्र वाचून घेत नाही. दादा, मला रेखाटायचा कोळसा धरवत नाही. काल भर दालनात मला रडू फुटलं. पहारेकऱ्यानं स्वतःचं स्टूल आणून दिलं आणि पाठ करून उभा राहिला, खरं तर असं करायची त्याला परवानगी नाही. मला वाईट बातमीची भीती वाटते, पण न कळण्याची त्याहून जास्त वाटते.

मुरगळलं ते उजवं मनगट. डावा हात तर धड आहे ना? मग बाबांना डाव्या हातानं फक्त एक रेघ ओढायला सांग आणि तो कागद मला पाठव. अक्षर नको, सही नको. त्यांची रेघ मी ओळखते. मंगळवारपर्यंत ती आली नाही, तर वर्ष गेलं खड्ड्यात, मी निघाले असं समज.

आईला विचार, ती जेवते का.

काडी


२१ फेब्रुवारी

चि. काडीस,

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही, तरी देतो.

तू गेल्यावर नवव्या दिवशी बाबा औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होते. शिडीवरून नीट उतरले, ब्रश डब्यात ठेवला आणि पुन्हा उचलायला गेले तो हात उचललाच गेला नाही. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. समजतं मात्र सगळं. तुला बोलावतो म्हटल्यावर त्यांनी मान इतकी हलवली की आईनं ती दोन्ही हातांनी धरली. म्हणून पत्राचं सोंग. आईनं त्यात लिहायला साफ नकार दिला. तिला तोंडानं खोटं बोलता येतं, कागदावर नाही म्हणते.

ती पाटी मी पुरी केली. अर्धी अक्षरं त्यांची, अर्धी माझी. दुकानदार म्हणाला, हुबेहूब. हा शब्द ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो, आणि तो ऐकून घरी आल्यावर मी मोरीत जाऊन रडलो.

दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुझं पत्र आलं की वळतात. न काढलेल्या सुईचं वाचलं तेव्हा ओठाची डावी बाजू हलली. आई म्हणते ते हसले. मीही तसंच धरून चाललोय.

गुरुवारी दुसरा झटका आला. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नाहीत, दिवसांचं बोलतात. काल मी त्यांच्या डाव्या हातात ब्रश दिला आणि तुझं मागणं सांगितलं. सगळी दुपार गेली. ब्रश दोनदा पडला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ नेली, मध्ये कुठेही न उचलता. खाली काय लिहू म्हणून मी विचारलं, तर त्यांनी कागद माझ्यापासून दूर सरकवला आणि तुझ्या पत्राकडे बघत राहिले. ती जागा माझी नाही, एवढं मला कळलं. कागद सोबत आहे.

काडे, तू ये. बाबा नाही म्हणतात, मी ये म्हणतोय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द मोडतोय.

दादा


२४ फेब्रुवारी

ती. बाबांच्या चरणी,

तुमच्याच रेघेखाली लिहितेय. ती शेवटाकडे जरा उतरलीय, मी अक्षरं तिच्या कलानं घेतेय. बारीक लिहितेय, म्हणजे सगळं मावेल.

त्या बाईचा हात आज एका बैठकीत जमला. सुई काढली नाही. बाकी चित्र तसंच सोडून निघाले. सर रागावले, पहारेकऱ्यानं माझी पेटी दारापर्यंत आणली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातात घेऊन येतेय. परवा सकाळी पोहोचेन. या वेळी दादानं वाचायचं नाही, मी वाचणार.

तोवर भिंतीकडे वळू नका.

तुमची,
काडी