सातव्या प्रश्नाचा उरलेला भाग

तुमसर
९ जानेवारी १९८४

प्रिय परसराम,
सप्रेम जय भीम.

तू पाठवलेला फॉर्म शनिवारी पोचला. घडी पडू नये म्हणून पाकिटात पुठ्ठा घातलास, तो मी ठेवून दिला आहे. तारघराची रजा टाकून तू त्या रांगेत उभा राहिलास. खरं तर मीच नागपूरला यायला हवं होतं. हंगाम आहे, राईस मिल दोन पाळ्यांत चालते, सुपरवायझरला सुट्टी नाही. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

घरी ठीक. आई मोहाडीलाच असते. धान मळून झालं. एम.बी.ए. म्हणजे काय, ते तिला परवा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दोन वर्स पूर्ण येळ शिकाचं, अन् मंग तेच काम कराचं जे आता करून राहिला?"

मी म्हणालो, "जवळपास तेच."

"मंग जाचं कायले?"

मी विषय बदलला.

फॉर्म अकरा पानांचा आहे. जन्मतारीख, शाळा, कॉलेज, गुण, हे एका बैठकीत भरलं. मोहाडीच्या शाळेचं नाव लिहिताना तू आठवलास. इंग्रजीत तुला माझ्यापेक्षा नेहमी चार गुण जास्त असत. हा फॉर्म तू भरायचा होतास आणि रांगेत मी उभं राहायचं होतं.

मालकाचं शिफारसपत्र लागतं. शेठजींनी त्याच दिवशी दिलं. त्यात एक वाक्य आहे, की संकटाच्या प्रसंगी हा तरुण विचलित होत नाही. तेवढं काढा म्हणालो, तर हसले. "अरे, यही तो असली बात है," म्हणाले.

सातव्या प्रश्नाशी अडलो आहे. "कामाच्या ठिकाणी तुम्ही घडवून आणलेला एक बदल आणि त्याचे परिणाम, तीनशे शब्दांत लिहा." मूळ इंग्रजीत आहे. मराठीत कसा दिसतो ते बघावं म्हणून इथे उतरवला. चार वेळा लिहायला बसलो. दर वेळी मध्येच उठतो, मशीनच्या स्टार्टरपाशी जातो, दांडा वर आहे की खाली ते पाहतो आणि परत येतो. सवय झाली आहे.

तुळसावहिनी बरी आहे. तुझा भाऊ गेल्यावर तिला पटांगणात उकडलेलं, उसन्याचं धान वाळवण्याचं काम दिलं आहे. माझ्या खिडकीतून पटांगण दिसतं.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी, डोमाभाऊबद्दलच्या, वाचल्या. त्याबद्दल सवडीनं लिहितो.

तुझा
जागेश्वर


तुमसर
२ मार्च १९८४

प्रिय परसराम,
जय भीम.

लेखी परीक्षेसाठी दोन दिवस तुझ्या खोलीवर राहिलो. तू स्वतः खाली झोपलास, मला खाट दिलीस. पहाटे उठून चहा करून दिलास. या सगळ्याबद्दल आभार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. नऊ एप्रिल, मुंबई.

स्टेशनवर गाडी सुटताना तू विचारलंस, ते रजिस्टर नेमकं काय होतं. गाडी हलली, म्हणून उत्तर राहिलं असं तुला वाटलं असेल. गाडी आणखी पाच मिनिटं उभी असती तरी मी बोललो नसतो. आता लिहितो.

धान वर नेणारा बादल्यांचा पट्टा असतो. त्याच्या तळाशी माणूसभर खोल खड्डा आहे. तिथे धान चोंदलं की माणूस उतरतो आणि हातानं मोकळं करतो. उतरण्याआधी तो मशीन बंद करायला स्टार्टरचा दांडा खाली ओढतो आणि त्यावर आपल्या खांद्यावरचा दुपट्टा अडकवतो. दुपट्टा ज्याचा, काढणार तोच. दुसरा कोणी हात लावत नसे, शेठजीसुद्धा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्या मिलींत असंच चालायचं.

मी कामाला लागलो तेव्हा मला दिसलं, की काही जण दुपट्टा अडकवून बिडी प्यायला जातात. मशीन बंद, माणूस नाही, आणि दुपट्ट्याला हात लावायची कोणाची छाती नाही. मी नऊ दिवस घड्याळ घेऊन उभा राहिलो. रोजची चाळीस मिनिटं वाया जात होती. मग मी नियम काढला. दुपट्टा बंद. जो मशीन थांबवेल त्यानं रजिस्टरात वेळ, कारण आणि सही लिहायची. नोंद नसेल तर मशीन सुरू करायची.

नियम वाचून दाखवला तेव्हा तुझ्या भावानं सगळ्यांसमोर विचारलं, "जागेश्वरबाबू, म्या तं अंगठाछाप. माही नोंद कोन करन?"

"कारकून करेल, डोमाभाऊ."

"अन् कारकून जेवाले गेला तं?"

"मग तो येईपर्यंत थांबायचं."

"म्या थांबन. पट्ट्यातलं धान थांबन का?"

लोक हसले. मीही हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "कागद वाचाले शिकलेला मानूस लागते, बाबू. दुपट्टा तं कोनालेबी दिसते."

महिनाभरात चाळीस मिनिटांची अकरा झाली. फॉर्ममध्ये हेच लिहिलं. परिणाम म्हणून हा आकडा दिला. दोनशे ऐंशी शब्द झाले.

चौदा डिसेंबर ब्याऐंशीचं तुला माहीत आहे. रजिस्टरात नोंद नव्हती. दांड्यावर काही नव्हतं. मी हाक मारली, ओ आली नाही. मी दांडा वर केला. डोमाभाऊ खाली खड्ड्यात होता. पंचनाम्यात असंच आहे. तू विचारलंस म्हणून पुन्हा लिहिलं.

तुळसावहिनी पूर्वी मला भाऊजी म्हणायची. आता साहेब म्हणते. काल पगार घ्यायला आली आणि सगळे गेल्यावर मागे उभी राहिली. म्हणाली, "साहेब, लोक म्हनते, थो दुपट्टा अडकवाले इसरला. जेवाले बसला तरी दुपट्टा मांडीवर घेऊन बसे थो. त्या दिसी घरून निघाला तवा खांद्यावर होता. मीच धून देल्ला होता. मंग अंगावर नोहता, खड्ड्यात नोहता, घरी नाही. गेला कुठी?"

मी म्हणालो, "पाहतो."

ती म्हणाली, "सव्वा वर्सापासून पाहूनच राहिले तुमी."

मग ती पटांगणात गेली. उसन्याचं धान पायानं फिरवतात, तुला माहीत आहे. एका टोकाला सुरुवात करायची आणि पाय न उचलता दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मागे दोन रेघा उरतात. ती दिवसभर खिडकीसमोरून जाते आणि येते. मी खिडकी लावून घेत नाही. लावली तर ती का लावली, हे मला सांगावं लागेल.

तुझा
जागेश्वर


तुमसर
५ मे १९८४, दुपार

परसराम,

हे पत्र टपालानं येणार नाही. बॉयलरवरचा धनीराम तीनच्या गाडीनं निघतो आहे, तो तारघरात येऊन तुझ्या हातात देईल. पूर्ण वाचल्याशिवाय त्याला काही विचारू नकोस. त्याला थोडंच माहीत आहे.

माझी निवड झाली. पत्र मंगळवारी आलं. दोन वर्षं, पूर्ण वेळ, जूनपासून. हे तुला सर्वांत आधी कळवायला हवं होतं. चार दिवस कोणालाच सांगितलं नाही.

मुलाखतीचं सांगतो. तिघे बसले होते. माझ्यासाठी एक खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर टॉवेल टाकलेला होता, साहेबांच्या खुर्चीवर असतो तसा. मी उभाच राहिलो. बसा म्हणाले. मला तो टॉवेल बाजूला करता येईना आणि त्याला टेकून बसताही येईना. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा खुर्चीच्या काठावर बसलो.

त्यांतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी सातवं उत्तर पुढे घेतलं. विचारलं, "तुमच्या रजिस्टरच्या आधी काहीच पद्धत नव्हती?" मी दुपट्ट्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "पद्धत चांगली होती. ती तुम्ही मोडली, त्याचा परिणाम इथे दिसत नाही." मी म्हणालो, "अकरा मिनिटं." ते म्हणाले, "तो वेळेचा. मी माणसांचं विचारतो आहे."

मी म्हणालो, "माणसांनी सहकार्य केलं."

त्यांनी मान हलवली आणि कागद उलटून ठेवला. मला वाटलं, संपलं. तरी निवड झाली. आपल्याला कोणी पकडलं नाही, हे कळल्यावर माणसाला जे वाटतं ते सुख नसतं. त्या मुक्कामात आणि परत येताना गाडीत, जिथे जिथे कापड टांगलेलं दिसलं तिथे मी थांबलो. सायकलच्या दांडीवर, खिडकीच्या गजाला, बर्थच्या साखळीला. प्रत्येक ठिकाणी खाली कोणी आहे का, ते पाहिलं.

आता जे लिहायचं आहे ते.

दांड्यावर दुपट्टा होता. निळ्या काठाचा. तू पहिल्या पगारातून घेतलेला. मी तो ओळखला. डोमाभाऊ बिडी पीत नाही हेही मला माहीत होतं. रजिस्टर पाहिलं, नोंद नव्हती. कारकून जेवायला गेला होता. मी दुपट्टा काढला आणि दांडा वर केला. मी हाक मारली नाही. नियम माझा होता आणि तो एकदा तरी पाळून दाखवायचा होता.

मोटारीचा आवाज जड झाला. मी दांडा खाली ओढला तेव्हा दुपट्टा माझ्या डाव्या हातात होता. माणसं धावत आली तोवर तो माझ्या टेबलाच्या खणात गेला होता. पंचनाम्यावर सही मी त्याच टेबलावर केली. दीड वर्ष तो तिथेच होता.

आज अकरा वाजता मी तो घेऊन पटांगणात गेलो. वहिनी धान फिरवत होती. मी तिच्यासमोर धरला. तिनं हात पुसून तो घेतला, उलगडला. घडीतून कोंडा पडला.

"कुठी होता?"

"माझ्याजवळ."

"अन् त्या दिसी?"

"दांड्यावर."

जी रेघ अर्धी राहिली होती ती तिनं टोकापर्यंत पूर्ण केली. मग आत आली, स्वतःच्या हातानं दांडा खाली ओढला आणि त्यावर दुपट्टा अडकवला. मिल थांबली. धनीराम बॉयलरपासून बाहेर आला. एकेक करून सगळे आले. दुपट्टा कोणाचा, हे सगळ्यांना दिसत होतं.

ती एवढंच म्हणाली, "आता येऊ द्या परसरामले."

एक वाजता शेठजी आले. "जागेश्वर, क्या तमाशा है? निकालो उसको. हंगाम है."

मी म्हणालो, "शेठजी, मेरा नहीं है. जिसका है, वही निकालेगा."

शेठजी या मिलीत जन्मले. ते दांड्यापाशी गेले. हात पुढे केला, पण पोचवला नाही. मग गाडीत बसून गेले. कुठे गेले असतील ते मी समजू शकतो. ते जिथे गेले तिथे संध्याकाळी मीही जाणार आहे.

ब्याऐंशीचं रजिस्टर काढलं. चौदा डिसेंबरच्या पानावर जागा कोरीच होती. आजची तारीख घालून त्यात लिहिलं: थांबवणारा डोमा. कारण, खड्डा चोंदला. दांड्यावर दुपट्टा होता, मी पाहिला. सुरू करणारा जागेश्वर. तीन नकला केल्या. एक पोलीस ठाण्यासाठी. एक संस्थेला, सातव्या प्रश्नाचा उरलेला भाग म्हणून. ती जागा आता ते मला देणार नाहीत, दिली तरी मी घेणार नाही. तिसरी या पत्रासोबत आहे.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. तू मला खाट दिलीस त्या दोन रात्री मागायला हवी होती, आणि तेव्हा मी झोपलो.

मिलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वहिनी दांड्याशेजारी भिंतीला टेकून बसली आहे. कोणी तिला पाणी आणून दिलं आहे. मी समोरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आज उठून बघायला जावं लागत नाही. इथूनच दांडा दिसतो.

ये. दुपट्टा काढायचा की तसाच ठेवायचा, ते तुम्ही दोघं ठरवा.

दांडा वर करणारा,
जागेश्वर