राणीच्या गावची सोयरीक

माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे या पत्राचं आपल्या दोघींत बरोबर जमणार. मी सांगते आहे, माझी सून लिहिते आहे. सातवी शिकलेली आहे ती. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. मी शिवी देते तिथं तिचा पेन थांबतो. मघाशी म्हटलं, वाचून दाखव. तिनं वाचलं ते माझ्यापेक्षा शहाण्या बाईचं वाटलं. तेव्हापासून मी तिच्या हातावर नजर ठेवून बसले आहे, जसं काही मला कळणारच आहे.

हिची पोरगी, माझी नात, नागपूरला नर्स झाली आणि तिथून विलायतेच्या दवाखान्यात गेली. दर रविवारी तिचा फोन येतो. सून मोबाईलचा आवाज मोठा करून तो घरापुढच्या सपरीत, दोघींच्या मधे, पाटावर ठेवते. मागच्या साली एका रविवारी नात म्हणाली, "आजी, मी परीक्षा देऊन राह्यली." मी म्हटलं, "पुन्हा? तू तं कधीची पास झाली होती." "ही वेगळी, आजी. इथची नागरिक व्हाची. एक पुस्तक आहे, त्यातलं पुसतात." "अवो, पुस्तक वाचून कोणी गावचं होते काय?" ती हसली. मग हळूच म्हणाली, पास झालं की उभं राहून शपथ घ्यायची, राणीशी इमान राखीन म्हणून. माझे कान तिथंच टवकारले. ज्याच्या मनात चोर असतो तोच दुसऱ्याला शपथ घालतो, हे तुझंच बोलणं.

मला तुझी कोंबडी आठवली. मोहर्लीकडचं आपलं घर, मी परकर घालायच्या वयाची. साहेबाचे तंबू नाल्यापलीकडं पडले की बाबाला वाघाच्या हाक्याला जावंच लागायचं, आणि साहेबाचा खानसामा कोंबड्या उचलत घरोघर फिरायचा. एकदा साहेब स्वतःच घोड्यावरून आला. माझ्याकडं पाहून हसला, मीही हसले. तू मला दंडाला धरून आत ओढतेस, टोपलीखाली कोंबडी कोंबतेस, त्या टोपलीवर मला बसवतेस आणि म्हणतेस, "साहेब हसला की कोंबडी लपवाची, येडे!" कोंबडी खालून चोची मारते आहे आणि मी वर गप्प बसले आहे. ती वाचली, बाकीच्या गेल्या. म्हणून मी नातीला विचारलं, "पुस्तकात आपली कोंबडी आहे काय?" गोष्ट तिला लहानपणापासून पाठ. म्हणाली, "नाई आजी." "मंग अर्धंच पुस्तक आहे ते."

तरी दर रविवारी मीच म्हणायची, वाच. ती वाचायची आणि मराठीत सांगायची. चार मुलूख मिळून एक देश आहे म्हणे, आणि चारही एकमेकांवर रुसलेले. राणी आहे, पण राज्य निवडून आलेले लोक करतात. "मंग राणी काय करते?" "सही करते." "तुह्या आजोबासारखी. घर म्या चालवलं, अंगठा त्याईचा." जुना एक राजा होता, त्यानं सहा बायका केल्या आणि दोघींची मुंडकी उडवली. म्हटलं, हे पोरीले शिकवतात अन् वरून तिलेच इमान मागतात! दारूच्या गुत्त्यात आपल्या हातानं दुसऱ्याचा गिलास सांडला तर काय करावं, तेही त्यात आहे. "काय करावं?" "त्याले दुसरा घेऊन द्यावा." मी म्हटलं, हे तं मोहाच्या भट्टीवर बिनपुस्तकाचं समजते. बायांना आधी मत देता येत नव्हतं, त्या भांडल्या, तुरुंगात गेल्या, तेव्हा मिळालं, हे मात्र मी दोनदा वाचायला लावलं. ते मला आवडलं. आवडलं म्हणून आणखी संशय आला.

मग एका रविवारी खरी गोष्ट बाहेर पडली. तिथलं झालं की इथला पासपोर्ट परत द्यायचा. दोन्हीकडचं राहता येत नाही. घरी यायचं तर शिक्का मागावा लागेल. सून उठून विहिरीवर गेली, आणि पाणी भरलेलं असताना पुन्हा भरत बसली. मी फोनला म्हटलं, "माहेरी याले परवानगी?" आणि म्हणता म्हणता जीभ चावली, कारण मलाही लागायचीच की. सासरा हो म्हणेल तेव्हा, आणि भाऊ बैलगाडी घेऊन येईल तेव्हा. त्याला व्हिसा म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

त्या रात्री मला तुझी चूल दिसली. माझी सोयरीक ठरली होती, मूल नावाच्या गावाकडं, तळ्याच्या एका गावात. तू कासारणीकडून त्या गावाची सगळी बातमी काढली होतीस आणि भाकर थापता थापता मला पुसायचीस. वेशीवर कोणता देव? तळ्यात पहिलं जाळं कोणाचं? कोणत्या दोन घरांत बोलणं नाही? सासू आंबाडीत मिरची किती घालते? चुकले की फुंकणी पायावर. मी रडून म्हणाले, "मले नाई व्हाचं तिथचं." तू फुंकणी खाली ठेवलीस. "होशील. झाल्याबिगर जगशील कशी? पण इथचीबी राहशील." "कशी?" "घरी आली की पाणी कुठी आहे, असं पुसू नको. पुसते ते पाहुणी."

पुढच्या रविवारपासून नात उलटी चकित. मीच पुसायला लागले. राणीचा धर्म कोणता? मोठ्या सणाला काय शिजते? ती चुकली की मी म्हणायची, फुंकणी पोचत नाई म्हणून वाचली! ती पास झाली. शपथही घेतली. सुनेनं गावात पेढे वाटले आणि मी एक खाल्ला, पण तोंड कडूच राहिलं.

या साली धान कापणीला ती आली, लाल पासपोर्ट आणि शिक्का घेऊन. ती यायच्या सकाळी सून वावरात होती. मी सपरीत चिंचा फोडत बसले, जसं काही मला कोणाची वाटच नाही. पोरगी आली, पाया पडली. हातात पाण्याची बाटली! म्हटलं, गेली ही. पण बाटली रिकामी होती. ती उंबरा ओलांडून आत गेली. मी चिंच फोडायची थांबले. आता विचारेल, आजी, पाणी कुठी आहे?

"आजी! माठ काऊन हलवला ओ? एवढ्या सालचा कोपरा सोडून मागच्या दाराशी! कोणी अडखळून पडलं तं?" आणि मग माठ ओढल्याचा आवाज, पाणी सांडल्याचा आवाज. तिनं तो भरलेला माठ एकटीनं जुन्या कोपऱ्यात नेऊन बसवला, पाणी पिऊन बाहेर आली आणि ओल्या हातानंच माझ्यावर डोळे वटारले. पाहुणी पुसते, माय. घरची भांडते. मी म्हटलं, "मले काय पुसते? तुह्या मायनं हलवला असंन."

इथं सुनेचा पेन थांबला आहे. "बाई, म्हणजे माठ तुम्ही हलवला?" लिही, म्हणते मी. "अन् मी दोन दिवस पोरीचं बोलणं खाल्लं!" लिही ना, तेही लिही. आता ती रागानं लिहिते आहे, म्हणजे बहुतेक खरंच लिहीत असेल. पत्ता काय टाकू, विचारते. टाकू नको. धानाच्या ढोलीत ठेव, तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

एक राहिलं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी आले, तेव्हा तुझाही माठ जागेवर नव्हता. चुलीमागं होता. मी किती भांडले! तू तोंड फिरवून म्हणालीस, कोपऱ्यात मुंग्या झाल्या होत्या. मुंगी एकही नव्हती, माय. मी वाकून पाहिलं होतं.