झुंबरच्या तिसऱ्या परीक्षेआधी

नाशिकरोड,
१४ ऑगस्ट १९८३

प्रिय झुंबर,

तुझं कार्ड मिळालं. अर्ध्या कार्डावर घरच्यांची खुशाली विचारलीस आणि मग कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, मूळ मुद्दा. ऑक्टोबरात वायरमनची परीक्षा आहे, आतापासूनच भीती वाटतेय, काही युक्त्या असतील तर कळव. छत्तीस वर्षांचा बाप्या तू, दोन पोरींचा बाप, भर पावसात खांबावर चढून तारा ओढणारा, आणि चार छापील पानांना घाबरतोस? लाज वाटायला हवी. तुला वाटत नसेल, तर तुझ्या वाटची मला वाटते.

गेल्या वर्षीचा तमाशा मी विसरलेलो नाही. आपल्या उस्तादांनी, यादव मिस्त्रींनी बजावलं होतं, "त्याला एकटा सोडू नको," म्हणून तोंडी परीक्षेच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो होतो. दहा मिनिटांत तू घामाघूम होऊन बाहेर. साहेबांनी विचारलं होतं, "अर्थिंग कशासाठी करतात?" चौदा वर्षं, गळकी वीज ओल्या मातीत जिरावी म्हणून, अर्थिंगचे खड्डे खणणारा तू, त्यांनाच उलटा सवाल केलास, "साहेब, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी कोण घालणार हाय?" तिन्ही साहेब हसले. बाहेर तुझ्या तोंडून ऐकून मीही हसलो. मेन रोडवरच्या प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात तो किस्सा मी वर्षभर सांगितला, तुझा आवाज काढून. तुझी वहिनी कुसुम एकदा म्हणाली, "पुरे आता, दोस्त आहे तो तुमचा." मी काही थांबलो नाही. त्याआधीच्या वर्षी तर तू लेखी पेपरातून उठूनच आलास. पहिला प्रश्न येत नव्हता म्हणे! अरे गाढवा, पहिला सोडून दुसरा लिहायला कुणी हात बांधले होते?

आता युक्त्या. बाजारात मिळणारं ते 'हमखास पास' छापाचं गाईड चुलीत घाल. लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी फ्यूज बांधला नसेल. बुवाचा अंगाराही नको. मागच्या वेळी तुझ्या कपाळावर त्याचा घामानं चिखल झाला होता. आदल्या दिवशीच सायखेड्याहून आमच्याकडे ये. सकाळी जेवून जा. उपाशी पोटी हात जास्त थरथरतात, आणि तुझे तर भरल्या पोटीही थरथरतात. पेपर हातात आला की आधी सगळा वाच, पेन खाली ठेवून. जे येतं ते आधी लिही, क्रमांक नीट टाक, बाकीचं मागाहून. आकृती पेन्सिलीनं काढ आणि तीन-तीनदा खोडू नकोस. तोंडी परीक्षेत साहेबाच्या मिशांकडे बघू नकोस, टेबलावरच्या मीटरकडे बघ. तो तुझ्या ओळखीचा आहे. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगा" म्हण. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हण. त्या साहेबांनाही सगळं माहीत नसतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. प्रॅक्टिकलला बोर्ड मेलेला दिसला तरी आधी मेन स्विच बंद कर, टेस्टर लाव, मगच हात घाल. ते तेवढंच टपून बघत असतात. आणि हात कापायला लागला तर तारांचा जॉइंट आधी करायला घे. तुझ्या बोटांना तो येतो, तुझ्या डोक्याची गरज नाही. तुझ्या डोक्याला त्या दिवशी घरीच ठेवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी चौऱ्याहत्तर साली पहिल्या झटक्यात पास झालो, हे तुला हजारदा ऐकवलंय. भीती कशी ती माहीतच नव्हती. यादव मिस्त्रींकडे आपण दोघं शिकत होतो, तेव्हा तू शिडीवर चढण्याआधी खालच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारायचास, "मेन बंद केलं ना? नक्की ना?" आणि खाली उतरून स्वतः बघून यायचास. तुझ्यामुळे जेवायला उशीर व्हायचा. मी तुझ्यावर चिडायचो. मी दोन बोटं लावून तारेत वीज आहे का ते बघायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. पुढं ठेकेदारीचंही लायसन मिळालं. मग तर मी पक्कड हातात धरायचंच सोडलं. वायरिंग कुणीही करावं आणि टेस्ट रिपोर्टवर सही या सहादूनं करावी. हॉटेलात चहा पिता पिता मी घरंच्या घरं तपासली आहेत, झुंबर. एकही न बघता.

मखमलाबाद रस्त्याला मालनबाई आणि त्यांची मुलगी चंद्रभागा राहतात. चंद्रभागा ब्लाउज शिवते, तिच्या शिलाईवर दोघींचं चालायचं. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना तिनं दिव्याचं बटण बंद केलं, स्टुलावर चढली आणि ओल्या फडक्यानं होल्डर पुसायला गेली. बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं होतं. दिवा विझायचा, पण होल्डरात वीज तशीच राहायची. टेस्टर लावला असता तर मिनिटभरात कळलं असतं. ती खाली फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलंय. वायरिंग कुणी केलं ते सांगत नाही, कारण खाली सही माझी होती. चौकशीच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "तुम्ही घर बघितलं होतं का?" मी नाही म्हणालो. जूनमध्ये माझी दोन्ही लायसन रद्द झाली. माझ्या दुकानावर ठेकेदाराची पाटी अजून आहे. कुसुम सोडून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मालनबाईंनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. घरात दिवाळीपासून कंदील आहे. नवं वायरिंग करून द्यायला दोघं-तिघं येऊन गेले, पण त्या कुणाला भिंतीला हात लावू देत नाहीत. मी दारातूनच म्हणालो, सायखेड्याला माझा एक दोस्त आहे, नुसतं त्यालाच एकदा येऊ द्या. त्यांनी विचारलं, "त्याच्याकडं तरी लायसन हाय का?" मी म्हणालो, ऑक्टोबरात परीक्षा आहे, मिळेल. त्या कंदिलाची काच पुसू लागल्या. आतून चंद्रभागा म्हणाली, "थांबू मग."

तुझाच,
सहादू