तोझानीचं शेवटचं कडवं

कुशकाया, ९ ऑक्टोबर १९७६

चि. हैदर यास थोरल्या बहिणीचे, हुरूआब्लाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं काही क्षेम नाही.

परवा बाबांना डोळे दाखवायला सिवासला नेलं होतं. येताना दोल्मुशवाल्याने कॅसेट लावली आणि गाडीभर तुझा आवाज! माझा जीव सुपाएवढा झाला. गाणंही बाबांचंच, आटलेल्या विहिरीचं. बाबांची बोटं गुडघ्यावरच साझाच्या तारा छेडायला लागली. मग 'तोझानी सांगे, विहीर आटली तरी दोर जपून ठेवा' हे शेवटचं कडवं यायचं, तर तू थेट दुसऱ्याच गाण्यात उडी मारलीस. ज्या कडव्यात बाबांचं गाण्यातलं नाव, तेच नेमकं गाळलंस! पुढे बसलेला मेंढ्यांचा व्यापारी म्हणाला की गाणं झकास आहे, कुणा जुन्या, मरून गेलेल्या माणसाचं असणार. बाबा त्याच्या मागेच बसले होते रे.

घरी आल्यावर त्यांनी साझ खुंटीला टांगला, तो अजून उतरवलेला नाही. जन्मभर लग्नांत नि मैफलींत गायले, पण कागदावर त्यांची एक ओळ नाही. त्यांचं जे काही मागे राहायचं, ते त्या कडव्यांतूनच. पोटच्या पोराने ते पुसलं, आता परक्यांना काय बोलायचं, असं म्हणाले. जर्मनीत लाज विकायला काढलीस काय? ताबडतोब उत्तर लिही.

तुझ्यावर रागावलेली,
हुरू

---

डुइसबर्ग, २४ ऑक्टोबर

ती. हुरूआब्ला, तुझे हात कपाळी लावून हैदर लिहितो.

तुझं पत्र पाळीला जाताना वाचलं. आता माझंही ऐक, मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

मी जर्मनीला निघालो, तेव्हा तू ओढ्यावर धुणं धूत होतीस. बाबांनी मला अंगणात उभं केलं. त्यांनी बजावलं की गाणं टाकून लोखंडाच्या भट्टीवर राबायला जाणारा माझा चेला नव्हे. म्हणाले, गळ्यात उतरलेली गाणी काही परत घेता येत नाहीत, पण माझ्या नावाचं कडवं तुझ्या तोंडून कुणी ऐकता कामा नये. मी हो म्हटलं. तेव्हापासून तो शब्द पाळतोय. इथली आपली माणसं त्या कडव्यासाठी हट्ट धरतात. मी पाण्याचा घोट घेतो आणि दुसरं गाणं धरतो. उस्तादाचं ऐकलं, एवढाच माझा गुन्हा.

बाबांना विचार. मी चिडलोय असं मात्र सांगू नकोस. थोडासा चिडलोय, पण सांगू नकोस. पोरांसाठी चॉकलेट पाठवलंय, त्यातलं तू खाऊ नकोस, दात आधीच किडलेत.

लोभ कमी झाला असेल तर वाढवावा.
तुझा,
हैदर

---

कुशकाया, ८ नोव्हेंबर

चि. हैदर यास आशीर्वाद. डोळे अधू, म्हणून हुरूच्या हातून लिहवतोय.

बोललो होतो. अगदी तसंच बोललो होतो. वाटलं, वर्षभरात कंटाळून परत येशील, मग शब्द मागे घेईन. तू आला नाहीस, आणि मी तुझ्याहून हट्टी. त्या हट्टाने मी माझंच नाव बुडवलं आणि दोल्मुशमध्ये बसून स्वतःच्या मयतीला हजर राहिलो. तुला बोल लावला, ते चुकलंच.

माझा शब्द मी मागे घेतो. कडवं गा, खणखणीत गा. रिवाज तुला ठाऊक आहे. आधी उस्तादाचं गाणं त्याच्या नावासकट, मग चेल्याचं स्वतःचं. आता स्वतःचं गायला तुला नाव हवं, आणि ते उस्तादानेच द्यायचं असतं. त्या भट्टीला मी फार शिव्या दिल्या, पण या घरावरचं नवं छप्पर तिच्याच कृपेचं. म्हणून तुझं नाव ओजाकी, भट्टीवाला. गाणं मात्र स्वतःचं बांध, माझ्या चालीवर शब्द चिकटवून चालायचं नाही.

तुझा उस्ताद, आणि बापही.

(खाली हुरूची पुरवणी: हे सांगताना बाबा सारखे डोळे पुसत होते आणि धुराला दोष देत होते. चूल पेटलेलीच नव्हती.)

---

कुशकाया, १३ फेब्रुवारी १९७७

चि. ओजाकी यास (आता असंच म्हणावं लागणार!) अनेक आशीर्वाद.

कॅसेट पोचली. मास्तरांचं यंत्र आणून लावलं, सगळा गाव आमच्या खोलीत कोंबला होता. पहिलं विहिरीचं गाणं. 'तोझानी सांगे' आलं, आणि कवीचं नाव आलं की आपल्याकडे जातात तसे सगळ्यांचे हात छातीवर गेले. बाबा तेवढे ढिम्म. स्वतःच्या नावाला कुणी मान देतो का? वर म्हणाले की खालची तार उतरली आहे, पोराला कान नाहीत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाबा खोड काढायला लागले म्हणजे बरे झाले.

मग तुझं स्वतःचं गाणं. रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाला परक्या गावात भाकरीचा वास येतो, ते. शेवटी 'ओजाकी' नाव आलं. खोलीत कुणाला ते ओळखीचं नाही, सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी रडत होते.

सगळ्यांत आधी बाबांचा हात छातीवर गेला.

अशीच माया ठेव, आणि गात राहा.
तुझी,
हुरूआब्ला